शाल-श्रीफळ आणि सहीचा अधिकार

आंबिया बहाराची संत्री उतरायला लागली की वरूडमध्ये संध्याकाळी बोलायचं ते ओरडूनच बोलावं लागतं. ट्रक लागलेले असतात, कॅरेट आपटत असतात, कुणी मोजत असतं आणि मोजणाऱ्याची मोजणी चुकवायला दुसरं कुणी मध्येच हाक मारतं. अशाच गर्दीत गाडी भरणारा एक पोरगा दिसला. अंगात बार्सिलोनाची जर्सी, पाठीवर मेसी. मेसी तिथून २०२१ सालीच गेला, असं मी उगाच मास्तरकी करत म्हणालो. तो हसला. "माहीत हाये ना काका. क्लबकडे पैसाच नोता उरला. त्यात मेसीचा काय दोष?" आणि कॅरेट खांद्यावर घेता घेता त्यानं उलटा प्रश्न टाकला, "मालदिनीले काहून काढलं मग? इतका मोठा खेळाडू. टीम बी जिंकून देली होती त्यानं."

आमच्या पिढीला १९८६ साली दूरदर्शनवर मॅराडोना दिसला तेव्हा तो कुठल्या क्लबकडून खेळतो हेही धड ठाऊक नव्हतं. मोबाइलवर वाढलेल्या या पोरांना खेळाडूचा पगार, कराराची मुदत, क्लबचा मालक, 'स्पोर्टिंग डायरेक्टर', सगळं पाठ असतं. त्यामुळे प्रश्नही वेगळा पडतो. गोल कुणी मारला यापेक्षा क्लब कोण चालवतो, आणि ज्यानं आयुष्यभर गोल मारले किंवा अडवले त्याला तो चालवता येतो का?

वरूड-मोर्शीच्या पट्ट्यात हा प्रश्न समजायला फुटबॉल लागत नाही. बाग जोपासणाऱ्याला झाड न् झाड ठाऊक असतं. कुठल्या ओळीत डिंक्या लागला, कुठल्या झाडानं यंदा दगा दिला, सगळं. पण झाडावरच्या मालाचा सौदा होतो तेव्हा आकडा भलताच माणूस बोलतो. तो बागेत तासभर फिरलेला असतो. आता त्या तासाभरात त्याला जे दिसतं ते बागवानाला वर्षभरात दिसत नाही, असंही कधी कधी असतं. ते मान्य करायला जड जातं, एवढंच.

युरोपात क्लबच्या खुर्चीवर तीन जातीची माणसं बसत आली आहेत: खेळलेली, पैसेवाली आणि मतं असलेली. पहिल्या जातीचा मूळपुरुष म्हणजे सान्तियागो बर्नाबेऊ. ज्याच्या नावानं माद्रिदचं मैदान आहे तो हाच. पोरवयात रेआल माद्रिदमध्ये आला, १९२७ पर्यंत खेळला आणि १९४३ साली अध्यक्ष झाला तो १९७८ मध्ये मरेपर्यंत. पण मधली सोळा वर्षं लोक विसरतात. त्या काळात त्यानं संचालक मंडळात बसण्यापासून प्रशिक्षकाच्या हाताखाली राबण्यापर्यंत क्लबची मिळतील ती कामं केली. नवं मैदान बांधायला पैसा नव्हता तेव्हा लोकांना कर्जरोखे विकून तो उभा करायची कल्पना लढवली, आणि १९४७ मध्ये मैदान उघडलं. त्याच्या कारकिर्दीत क्लबनं सहा वेळा युरोपियन कप जिंकला. पण माझ्या मते त्याचं मोठं काम ते कर्जरोख्यांचं. गोल मारणारा माणूस व्याजाचा हिशेब करायला शिकला होता.

इटलीत युव्हेंटसचा जानपिएरो बोनिपेर्ती हा असाच. १९४६ ते १९६१ खेळला, १९७१ ते १९९० अध्यक्ष होता आणि त्या काळात क्लबनं नऊ वेळा लीग जिंकली. त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगतात. प्रत्येक गोलामागे तो मालक आन्येल्लींच्या गोठ्यातली एक गाय मागून घ्यायचा, आणि निवडताना नेमकी गाभण गाय निवडायचा. गोष्टीत तिखटमीठ किती ते सोडा, पण ती आपल्या बाजाराच्या दिवशी कुणालाही सांगून पाहा. ऐकणारा लगेच म्हणेल, हा माणूस पुढे अध्यक्ष होणारच.

तिसरा माणूस उली होनेस. त्याच्याजवळ जरा थांबू, कारण या विषयातली सगळी चांगली आणि वाईट उदाहरणं त्या एका माणसात सापडतात. उल्म गावच्या खाटकाचा मुलगा. बाविसाव्या वर्षी, १९७४ मध्ये, विश्वविजेत्या जर्मन संघात. दोनच वर्षांनी युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यानं पेनल्टी आकाशात मारली आणि जर्मनी हरली. मग गुडघा गेला. सत्ताविसाव्या वर्षी खेळ संपला आणि त्याच वर्षी, १९७९ मध्ये, बायर्न म्युनिकनं त्याला व्यवस्थापक केलं. क्लब तेव्हा कर्जात होता. होनेसनं काय केलं? जर्सी विकल्या, जाहिराती आणल्या, अमेरिकेतले क्लब तिकिटाखेरीज कशाकशातून पैसा काढतात ते पाहून आला. १९८४ मध्ये आपला सर्वांत मोठा खेळाडू रुमेनिगे यालाच इंटर मिलानला विकून बायर्ननं कर्ज फेडलं. स्वतःच्या जोडीदाराला विकताना हात थरथरला असेल की नाही कोण जाणे. पण विकलं. आणि गंमत पाहा, तोच रुमेनिगे पुढे २००२ ते २०२१ त्याच क्लबचा मुख्य कार्यकारी अधिकारी होता. विकला गेलेला बैल परत येऊन कास्तकारी सांभाळू लागला, असा प्रकार.

होनेस न्युर्नबर्गमध्ये सॉसेजचा कारखानाही चालवायचा. त्याच्या कारभाराची हीच चव आहे: माल काय, भाव काय, उधारी किती. आज बायर्न कंपनीचा ७५ टक्के हिस्सा सभासदांच्या मूळ संस्थेकडे आहे आणि उरलेला आदिदास, आउडी, अलियान्झ या तिघांत वाटलेला आहे. म्हणजे शेठजी आहेत, पण भागीदार म्हणून. घरधनी म्हणून नाहीत.

आणि हाच होनेस २०१४ साली करचुकवेगिरीत दोषी ठरला. २ कोटी ८५ लाख युरो. साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगातून दिवसा बाहेर सोडायला लागल्यावर तो बायर्नच्या पोरांच्या विभागात कामाला जायचा, आणि सुटून आल्यावर २०१६ च्या नोव्हेंबरात सभासदांनी त्याला ९७ टक्क्यांहून जास्त मतांनी पुन्हा अध्यक्ष केलं. हे वाचून इथल्या माणसाला फार आश्चर्य वाटणार नाही. आपणही तुरुंगातून आलेल्यांना हार घातले आहेत. फरक एवढाच की त्यानं बुडवला तो सरकारचा कर होता. क्लबच्या तिजोरीत त्यानं हात घातला असं कुणीही म्हटलं नाही.

आता पोराच्या प्रश्नाकडे. पाओलो मालदिनी पंचवीस मोसम एसी मिलानकडून खेळला, दुसऱ्या कुठल्याही क्लबकडून नाही. २०१८ मध्ये तो व्यवस्थापनात आला, पुढे तांत्रिक संचालक झाला. खेळाडू निवडण्यात त्याची नजर होती. थिओ एर्नांदेझ हा फ्रेंच बचावपटू मिलानला आला त्यात मालदिनीचा शब्द होता. २०२२ मध्ये अकरा वर्षांनी मिलान लीग जिंकलं. त्याच उन्हाळ्यात क्लब अमेरिकी गुंतवणूक कंपनी रेडबर्डनं विकत घेतला आणि २०२३ च्या जूनमध्ये मालदिनीला नारळ दिला. आधीच्या उन्हाळ्यात तीन कोटींहून जास्त युरोंना घेतलेला एक तरुण खेळाडू चालला नव्हता, हे निमित्त सांगितलं गेलं. खरं कारण, मला वाटतं, सोपं आहे. निवड मालदिनीची होती, धनादेशावरची सही दुसऱ्याची. सही करणारा बदलला, की निवड करणारा पाहुणा ठरतो.

रोमाचा तोत्ती तर पाहुणाच होता. आयुष्यभर एकाच क्लबकडून खेळला, निवृत्तीनंतर संचालक म्हणून खोली मिळाली, आणि २०१९ मध्ये आपल्याला काही विचारलंच जात नाही अशी जाहीर तक्रार करून बाहेर पडला. बायर्नचा जुना गोलरक्षक ऑलिव्हर कान याला क्लबनं २०२१ मध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी केलं आणि २०२३ च्या मे महिन्यात काढलं, तेही संघ लीग जिंकला त्याच दिवशी. होनेस सत्ताविसाव्या वर्षी कर्जाची वही घेऊन बसला होता. कान पन्नाशी उलटल्यावर तयार राजवाड्यात आला. इथे मला माझं म्हणणं सापडतं: खेळलेला माणूस क्लब चालवू शकतो का, हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे. खेळणं संपल्यावर आणि खुर्ची मिळण्याआधी तो कुठल्या टेबलावर बसला होता, हे विचारायला हवं. डॉर्टमुंडचा मिखाएल झोर्क १९९८ मध्ये बूट उतरवून क्रीडा संचालक झाला आणि २०२२ पर्यंत त्याच जागेवर राहिला. मधल्या काळात क्लब दिवाळखोरीच्या काठावर जाऊन परत आला. सेव्हियाचा मोन्ची हा तर राखीव गोलरक्षक. बाकावर बसून बसून त्याला दुसऱ्यांचा खेळ पाहायची सवय लागली असावी. २००० पासून त्यानं स्वस्तात खेळाडू आणून महागात विकण्याचं जे तंत्र बसवलं त्याच्यापुढे आपले संत्र्याचे व्यापारीही टोपी काढतील.

डच क्लब आयाक्सची गोष्ट माझ्या म्हणण्याच्या बाजूनेही जाते आणि विरुद्धही. २०११ च्या सुमारास क्लबचा जुना मोठा खेळाडू योहान क्रॉइफ यानं बंड केलं: क्लब फुटबॉलवाल्यांच्या हाती द्या. त्याचं म्हणणं हवेतलं नव्हतं. खेळाडूंना व्यवस्थापन शिकवायला त्यानं १९९९ मध्येच स्वतःच्या नावाची संस्था काढली होती. गोलरक्षक एडविन वान डेर सार आधी विपणन संचालक झाला, चार वर्षं ते काम केलं, मग २०१६ मध्ये मुख्य कार्यकारी. मार्क ओव्हरमार्स फुटबॉल संचालक. २०१९ मध्ये आयाक्स चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत गेलं आणि अगदी शेवटच्या क्षणी टॉटनहॅमकडून हरलं. सगळं जग वाहवा करत होतं. मग २०२२ मध्ये ओव्हरमार्सला महिला सहकाऱ्यांना अश्लाघ्य संदेश पाठवल्यावरून जावं लागलं, वर्षभरानं वान डेर सारही गेला. त्याच सुमारास आकडेवारीचा जाणकार म्हणून नावाजलेला, मोठं फुटबॉल न खेळलेला जर्मन संचालक आणला, आणि काही महिन्यांतच संघ तळाशी जाऊ लागल्यावर त्यालाही हाकललं. मग आलेल्या मुख्य अधिकाऱ्यानं नेमणूक जाहीर होण्याच्या आठवडाभर आधी क्लबचे शेअर घेतल्याचं उघड झालं. खेळलेले झाले, न खेळलेले झाले. अमुक जातीचाच माणूस हवा म्हणणाऱ्यांनी आयाक्सचा हा दशकभराचा इतिहास उशाशी ठेवावा.

फ्रान्सचा प्लातिनी आणि जर्मनीचा बेकेनबाउर या मोठ्या खेळाडूंबद्दल थोडक्यात. दोघंही क्लबच्या पलीकडे, महासंघांच्या राजकारणात गेले. प्लातिनीनं २००७ पासून युरोपीय महासंघ चालवला, क्लबांनी कमाईपेक्षा जास्त उधळू नये असा नियम आणला, आणि २० लाख स्विस फ्रँकच्या एका जुन्या देण्यावरून २०१५ मध्ये बंदी ओढवून घेतली. फौजदारी खटल्यात मात्र तो निर्दोष सुटला, २०२५ मध्ये अपिलातही. बेकेनबाउरवरचा २००६ च्या विश्वचषकाच्या पैशांचा खटला मुदत संपल्यानं निकालाविनाच संपला. महासंघात खेळ कमी आणि मतं जास्त असतात. मतांची गोष्ट पुढे येतेच आहे, आणि ती घराजवळची आहे.

आधी पैशाची. तीही घराजवळचीच.

आपल्या शेतातलं सोयाबीन तेल काढून झाल्यावर ढेप म्हणून कोंबड्यांच्या खाद्यात जातं, हे वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. कोंबडीच्या धंद्यातलं मोठं नाव म्हणजे पुण्याचा व्यंकटेश्वरा हॅचरीज समूह, बोलीभाषेत 'व्हेंकीज'. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये सुरू केलेला. या समूहानं २०१० च्या नोव्हेंबरात सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना इंग्लंडचा ब्लॅकबर्न रोव्हर्स विकत घेतला. हा काही गल्लीतला क्लब नव्हे. १९९५ मध्ये तो प्रीमियर लीग जिंकला होता. ती लीग जिंकून देणारा मालक जॅक वॉकरही फुटबॉलवाला नव्हता, पोलादवाला होता. पण होता ब्लॅकबर्नचाच. त्या मैदानाच्या पायऱ्यांवर पोरपणी बसलेला माणूस.

पुण्याहून आलेल्या मालकांनी महिन्याभरात प्रशिक्षक सॅम अलरडाइसला काढलं. संघ तेव्हा तेराव्या क्रमांकावर होता, म्हणजे बुडत नव्हता. जुने अध्यक्ष जॉन विल्यम्स लवकरच गेले. सल्ला एजंट देत होते. २०११ मध्ये ब्लॅकबर्नचे खेळाडू पुण्यात आले, बालेवाडीला पुणे एफसीशी मैत्रीचा सामना झाला. त्याच सुमारास सामन्याआधी खेळाडू कोंबडीच्या तंगड्यांवर ताव मारताहेत अशी एक जाहिरातही झळकली. ती पाहून ब्लॅकबर्नच्या लोकांना काय वाटलं असेल ते सांगायला नको. ७ मे २०१२ ला विगनकडून हरून क्लब प्रीमियर लीगमधून खाली गेला. त्या सामन्यात प्रेक्षकांनी क्लबचा झेंडा गुंडाळलेली एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली. विनोद म्हणून पाहिलं तर झकास होता. इंग्रजांना विनोद चांगला जमतो, विशेषतः रडू येत असताना.

त्यापुढची गोष्ट माझ्या मते जास्त शिकवणारी आहे. मालकांनी मग म्हटलं असावं, खेळलेला माणूस आणू. १९९५ च्या विजेत्या संघातला नॉर्वेचा हेनिंग बर्ग २०१२ च्या ऑक्टोबर अखेरीस प्रशिक्षक म्हणून आला. सत्तावन्न दिवसांत त्याला काढलं. तीन वर्षांचा करार असल्यानं तो कोर्टात गेला. तिथे क्लबनं काय भूमिका घ्यावी? करार करणाऱ्या आमच्या व्यवस्थापकीय संचालकाला असा करार करायचा अधिकारच नव्हता! कोर्टानं ते ऐकलं नाही आणि वीस लाखांवर पौंड बर्गला द्यावे लागले. म्हणजे ब्लॅकबर्नच्या कचेरीत साहेब बसले होते, पण सही कुणाची चालते हे पुण्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. कुठल्याही सहकारी संस्थेत सचिव राहिलेल्या माणसाला हे चित्र ओळखू येईल.

न्यायानं एक गोष्ट सांगितली पाहिजे. व्हेंकीजनी क्लब विकून पळ काढला नाही. क्लब २०१७ मध्ये तिसऱ्या श्रेणीत घसरला, वर्षात परत वर आला, आणि तोट्याचा खड्डा भरायला पैसा पुण्याहून जातच राहिला. पुढे तर तो पाठवण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी मागण्याची वेळ आली. पळून जाणारे कसे असतात ते बरी या क्लबच्या लोकांना विचारा. भारताचा फुटबॉलपटू बायचुंग भुतिया १९९९ मध्ये ज्या इंग्रजी क्लबात गेला तो हा बरी. १८८५ सालचा. एका पौंडाला तो एका मालकाच्या हाती गेला आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये हिशेब दाखवता न आल्यानं लीगमधून हाकलला गेला.

भुतियाचं नाव निघालं, तर आता गोंदियाकडे वळू. विदर्भात फुटबॉल म्हटलं की नागपूर आणि कामठी. कामठीच्या मैदानांवर आजही लोक क्रिकेट सोडून फुटबॉल पाहायला उभे राहतात. पण भारतीय फुटबॉलच्या सर्वोच्च खुर्चीवर विदर्भातून जो माणूस गेला तो मैदानातून गेला नाही. गोंदियाचे प्रफुल्ल पटेल, विडीच्या व्यवसायातलं आणि शिक्षणसंस्थांतलं मोठं घराणं, खासदार, तेव्हा केंद्रीय मंत्री. आधीचे अध्यक्ष प्रियरंजन दासमुन्शी आजारी पडल्यावर पटेलांकडे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची सूत्रं आली, २००९ मध्ये ते अध्यक्ष म्हणून निवडून आले आणि २०२२ पर्यंत राहिले. त्यांच्या काळात काही झालं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. २०१० मध्ये आयएमजी-रिलायन्सशी १५ वर्षांचा ७०० कोटींचा करार झाला, त्यातून २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात झाला आणि तेरा लाखांवर लोक मैदानांवर आले. २०१९ मध्ये ते फिफा कौन्सिलवर निवडून गेले.

पण क्रीडा संहितेनुसार बारा वर्षांची मर्यादा २०२० अखेर संपली आणि निवडणूक होईना. १८ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं कारभार तीन जणांच्या समितीकडे दिला. त्यात एक निवृत्त न्यायमूर्ती, एक माजी निवडणूक आयुक्त आणि एक माजी कर्णधार, भास्कर गांगुली. पुढच्या निवडणुकीत मतदार कोण, हा खरा पेच होता. छत्तीस राज्य संघटनांच्या जोडीला छत्तीस माजी खेळाडूंनाही मत द्यावं, त्यात बारा महिला असाव्यात, असं ठरलं. खेळाडूंना निम्मी मतं! बार्सिलोनाच्या खेळाडूंनाही हेवा वाटावा असा तो क्षण होता आणि तो तीन आठवडेही टिकला नाही. बाहेरचा हस्तक्षेप होतोय म्हणत फिफानं ऑगस्टच्या मध्यावर भारतालाच निलंबित केलं. ऑक्टोबरात मुलींचा विश्वचषक भारतात व्हायचा होता, नवी मुंबई त्यातलं एक ठिकाण. न्यायालयानं समिती गुंडाळली, खेळाडूंची मतं काढली, २६ ऑगस्टला निलंबन उठलं आणि २ सप्टेंबरला निवडणूक झाली.

उमेदवार दोन, दोघंही माजी खेळाडू. एक भुतिया, देशाचा सर्वांत गाजलेला कर्णधार. दुसरे कल्याण चौबे, मोहन बागान आणि ईस्ट बंगालचे माजी गोलरक्षक, भाजपचे नेते. चौबे ३३, भुतिया १. महासंघाच्या इतिहासात पहिल्यांदा खेळाडू अध्यक्ष झाला, असं वर्तमानपत्रांनी छापलं, आणि ते खरंच होतं. पण त्या एका मताकडे मी बराच वेळ पाहत बसलो होतो. मतदार राज्य संघटनांचे पदाधिकारी होते. त्यांना खेळाडू चालत नाही असं नाही. राजकारणात ज्याची सोय आहे असा खेळाडू चालतो.

मराठी वाचकाला यात नवं काही वाटू नये. मुंबई क्रिकेट संघटनेच्या अध्यक्षपदासाठी २००१ मध्ये अजित वाडेकर उभे राहिले; शरद पवारांकडून हरले. २०११ मध्ये दिलीप वेंगसरकर. विलासराव देशमुखांकडून हरले. २०२२ मध्ये संदीप पाटील. अमोल काळे यांच्याकडून १८३ विरुद्ध १५८ असे हरले, आणि काळे मूळचे आपल्या नागपूरचे. इंग्लंडमध्ये पहिल्यांदा मालिका जिंकणारा कर्णधार, लॉर्ड्सवर तीन शतकं काढणारा फलंदाज, त्र्याऐंशीच्या विश्वविजेत्या संघातला धडाकेबाज गडी. तिघांचाही सत्कार करायला हीच मंडळी पहिल्या रांगेत असायची. शाल द्यायची, श्रीफळ द्यायचं, चेकबुक द्यायचं नाही.

तरीही 'खेळाडूला बसवा की झालं' असं म्हणायला माझी जीभ धजत नाही, कारण विदर्भाचंच क्रिकेट आडवं येतं. नागपूरचे वकील शशांक मनोहर यांनी क्रिकेट गाजवलं नाही. पण विदर्भ क्रिकेट संघटनेत त्यांचा शब्द चालायचा त्या काळात जामठ्याचं मैदान झालं, अकादमी झाली, आणि संघ घडवायचं काम माजी कसोटीवीर प्रशिक्षक चंद्रकांत पंडित आणि देशाकडून एकदिवसीय सामने खेळलेले प्रशांत वैद्य यांच्यावर सोपवलं गेलं. २०१७-१८ मध्ये विदर्भानं पहिल्यांदा रणजी जिंकली, पुढच्या वर्षी पुन्हा, २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदा. त्या पहिल्या अंतिम सामन्यात अकोल्याच्या आदित्य ठाकरेनं पदार्पण केलं (नावामुळे बातमी वाचताना अनेकांचा घोटाळा झाला, तो वेगळा). अमरावतीचा जितेश शर्मा पुढे देशाकडून खेळला. इथे सही वकिलाची होती, पण संघाची यादी खेळलेल्यांची. दोघांनी एकमेकांच्या कागदावर रेघोट्या मारल्या नाहीत. युरोपात मिलानला जे जमलं नाही ते काही वर्षं जामठ्यात जमलं होतं, असं म्हटलं तर पुण्या-मुंबईचे लोक हसतील. हसू देत.

क्लबच्या सभासदाला मत असण्याचा मुद्दा मात्र आपल्याकडे बहुतेक ठिकाणी रिकामाच आहे. स्पेनमध्ये १९९० च्या कायद्यानं बहुतेक क्लबांना कंपनी व्हावं लागलं. रेआल माद्रिद, बार्सिलोना, अथलेटिक बिलबाओ आणि ओसासुना हे चार सभासदांचेच राहिले. बार्सिलोनाचा अध्यक्ष मतपेटीतून येतो. अर्थात तिथेही गरिबाला दार उघडं होतं असं नाही. २०२१ मध्ये निवडून आलेल्या लापोर्ताला बजेटच्या १५ टक्के म्हणून सुमारे साडेबारा कोटी युरोंची बँक हमी द्यावी लागली. आपल्या कारखान्याच्या निवडणुकीत हे कलम आणलं तर पॅनेलच उभं राहणार नाही. पण निदान क्लब बंद करायचा झाला तर विचारायला कुणीतरी आहे. आपल्याकडे महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, लीगविजेता संघ, कंपनीच्या एका निर्णयानं. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये उठून हैदराबादला गेला. गोव्यात डेम्पो पाच वेळा राष्ट्रीय विजेता. खाणमालकांच्या घराण्याचा हा क्लब, साळगावकर आणि स्पोर्टिंग असे तिघं २०१६ मध्ये राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले, महासंघाच्या धोरणाचा निषेध म्हणून. निषेध रास्त होता. पण मैदानात येणाऱ्या माणसाच्या हातात ना निषेध होता, ना क्लब.

नागपुरातला एक प्रयोग या सगळ्या आकड्यांच्या मानानं फारच लहान आहे. हिस्लॉप महाविद्यालयातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांना पावसात फुटकी बादली लाथाडताना पाहिलं आणि त्यातून 'स्लम सॉकर' उभं राहिलं. 'झुंड' सिनेमामुळे ते घरोघरी माहीत झालं, पण २०१६ मध्येच त्याला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला होता. मला त्यातलं आवडतं ते वेगळंच: तिथे खेळून मोठी झालेली पोरंच पुढे प्रशिक्षक झाली, शिबिरांची व्यवस्था पाहू लागली. चेंडू, हजेरी, खाऊचा हिशेब. होनेसचं टेबल यापेक्षा फार मोठं नव्हतं.

२०२५ मध्ये दोन गोष्टी घडल्या. संसदेनं राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला, त्यात महासंघांच्या कार्यकारी समितीत नामवंत खेळाडूंना जागा ठेवल्या. सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानं फुटबॉल महासंघाची नवी घटना मान्य केली, तिनंही माजी खेळाडूंना सर्वसाधारण सभेत आणलं. छत्तीस नाहीत, पण आहेत. आता पाहायचं ते हे, की त्यांना बसवतात कुठे. तांत्रिक समितीत खेळाडू आणि अर्थ समितीत बाकीचे, अशी वाटणी आपल्याकडे न सांगता होते, आणि खेळाडूलाही बहुधा तीच सोयीची वाटते.

गाडी भरून झाल्यावर त्या पोराला मी यातलं निम्मं सांगितलं. खेळाडूंना क्लब चालवायला शिकवणारा युरोपीय महासंघाचा अभ्यासक्रम २०१५ पासून आहे, हेही सांगितलं. त्यानं फी विचारली. मी म्हटलं, फीचं राहू दे, त्याला आधी देशाकडून खेळावं लागतं. तो जर्सीला हात पुसत म्हणाला, "मंग ते आपल्या कामाचं नाई. आपल्याले अडत्याच्या गादीवर बसून वही लिवता येते." आणि ड्रायव्हरकडून कॅरेटच्या मोजणीची चिठ्ठी घेऊन, आकडा दोनदा तपासून, त्यानं खाली सही केली.